शब्दयोजना, नवशिक्यांसाठीच्या तांत्रिक लेखनातील

यंत्र, उपकरण अथवा संगणक प्रथमच हाताळणाऱ्या इसमासाठी सूचनापुस्तिका लिहिताना, लेखकाचे पूर्वज्ञान वाचकापाशी नाही हे ध्यानी ठेवून, प्रत्येक शब्दातून एकच अर्थ निघेल अशा बेताने केलेली शब्दांची निवड. मराठीत ही अडचण क्रियापदांत विशेष जाणवते. ‘पंप लावा’ या आज्ञेतून पंप जोडावा असाही बोध होतो आणि चालू करावा असाही. ‘झडप लावा’ म्हटले, की ती बसवावयाची की बंद करावयाची, याचा खुलासा जाणत्यास नको असला, तरी पान्हा हाती घेऊन प्रथमच उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे त्यावाचून पाऊल अडते. यास्तव ‘जोडा’, ‘चालू करा’, ‘बंद करा’ अशी निःसंदिग्ध रूपेच योजावीत. पाठ्यपुस्तकी ‘वितळतार’ हा शब्द कितीही शुद्ध असला, तरी घरोघरी रुळलेला ‘फ्यूज’ हाच स्वीकारावा आणि अखेरपर्यंत कायम ठेवावा. ललित लेखनात भूषणावह ठरणारे पर्यायी शब्द येथे दोन भिन्न वस्तूंचा भास निर्माण करतात. ‘फक्त’, ‘सहज’ हे शब्द तर कटाक्षाने वर्ज्य करावेत, कारण ‘सहज फिरवा’ असे वाचूनही चकती न फिरल्यास नवशिका पुस्तिकेस दोष न देता स्वतःलाच देतो.

विमान-उद्योगात या तत्त्वास नियमांचे स्वरूप लाभले. देखभालपुस्तिकांसाठी युरोपात १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेपासून विकसित होत गेलेल्या सुलभीकृत तांत्रिक इंग्रजीत ‘फॉलो’ हे क्रियापद ‘मागून येणे’ एवढ्याच अर्थी ग्राह्य असून ‘पाळणे’ या अर्थी निषिद्ध आहे. कृतिदर्शक वाक्यास २० शब्दांची मर्यादा आहे.