हवेच्या भारावर चालणारा ब्रेक : बंगळूरच्या पठारावरील एका दुरुस्तीविद्येचा इतिहास

ट्रकच्या पेडलावर पडणारा पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवून तो मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या नळकांड्याकडे, पोहोचवणारे साधन म्हणजे ब्रेक बूस्टर होय. पत्र्याच्या या गोल डब्याचे रबरी पडद्याने दोन कप्पे केलेले असतात. एरवी दोन्हींतली हवा ओढून घेतलेली असते आणि पेडल दाबताच मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरून पडद्याला पुढे ढकलते. बूस्टरचे बळ हे असे वातावरणाकडून उसने घेतलेले असते, म्हणूनच समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरमध्ये त्याचे गणित बदलते. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांइतका असतो, तर येथे तो ६८० च्या आसपास भरतो. त्यामुळे दहा इंच व्यासाच्या पडद्यावर, पूर्ण निर्वात धरल्यास, मुंबईत सुमारे ५२० किलोंचा भार पडतो आणि बंगळूरमध्ये तो ४७० किलोंवर येतो.

बेल्जियन अभियंता आल्बेर देवांद्र याच्या रचनेवरून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये असा निर्वात ब्रेक बाजारात आणला, आणि त्याच वर्षी तिने डिझेल इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या पंपाचेही उत्पादन सुरू केले. ही दोन साधने पुढे एकमेकांच्या आड आली. पेट्रोल इंजिनात हवेची वाट झडपेने आवळली जात असल्यामुळे निर्वात आयताच मिळत असे; डिझेल इंजिनाला सहसा अशी झडप नसल्याने तो मिळेना आणि त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागला.

बंगळूरच्या वाट्याला या इतिहासाचा दुसरा, म्हणजे डिझेलचा, भाग अधिक आला. पुण्यात शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मोटार कारखान्याची योजना उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी उचलून धरली, परंतु ब्रिटिश सरकारचा पाठिंबा न मिळाल्याने ती बंगळूरमध्ये साकारली नाही; येथे १९४० साली विमानांचा कारखाना उभा राहिला, तर मोटारींसाठी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर कंपनी स्थापन झाली. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने पुढे बंगळूरच्या आडुगोडी भागात डिझेल पंप घडवले, तर जे. सी. रोड आणि कलासिपाळ्य या परिसरांत सुट्या भागांची मोठी बाजारपेठ वाढली. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ सारख्या हलक्या ट्रकांमुळे निर्वात बूस्टरची दुरुस्ती हे मिस्त्रींचे नेहमीचे काम झाले.

या कामाची खरी विद्या दोष ओळखण्यात आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले की साठलेला निर्वात संपतो. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टरला निर्वात मिळतो आहे आणि तो मदत करतो आहे, असे समजावे. पेडल दगडासारखे घट्ट राहिले, तर बूस्टर खोलण्याआधी व्हॅक्यूम पंपाची ओढ, नळीची चीर आणि हवा उलटी जाऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह क्रमाने तपासावा लागतो. पाय दाबून धरला असताना पेडलाजवळ सतत फुसफुस ऐकू आली, तर पडदा फाटल्याचा किंवा आतला व्हॉल्व्ह गळत असल्याचा संशय बळावतो. बाहेर थेंबही न सांडता ब्रेक ऑइल घटत गेले, तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळून ते बूस्टरमध्ये ओढले जात असण्याची शक्यता मोठी असते, आणि तेव्हा नुसता बूस्टर बदलून भागत नाही. निर्वात मोजणारे घड्याळ जोडतानाही स्थळाचे भान ठेवावे लागते, कारण समुद्रकाठी ७०० मिलिमीटर दाखवणारा उत्तम पंपसुद्धा या पठारावर ६८० च्या पुढे जाऊ शकत नाही. मुंबईचा आकडा येथे प्रमाण मानला, तर धडधाकट पंप भंगारात जाईल.

बंगळूरजवळच्या होसकोटे येथे १९९८ पासून व्होल्वोचे अवजड ट्रक तयार होऊ लागले. अशा ट्रकांचे ब्रेक टाकीत दाबून साठवलेल्या हवेवर चालतात, त्यामुळे ठिकाणाच्या उंचीचा त्यांच्या जोरावर फारसा परिणाम होत नाही. हलक्या गाड्यांचा बूस्टर मात्र अजूनही भोवतालच्या हवेकडेच बळ मागतो, आणि म्हणून तो दुरुस्त करणाऱ्याला यंत्राइतकीच आपल्या गावाची उंचीही ठाऊक असावी लागते.