गरजांचा प्राधान्यक्रम (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअर प्रकल्पात ग्राहकाने मागितलेल्या गरजांपैकी कोणत्या आधी पुऱ्या करायच्या, कोणत्या मागे ठेवायच्या आणि कोणत्या या खेपेस सोडून द्यायच्या, हे ठरवण्याची प्रक्रिया. मुदत, पैसा आणि माणसे मोजकी असतात. मागण्यांची यादी मात्र काम चालू असतानाही वाढत राहते. निवड आधी केली नाही, तर ती शेवटच्या आठवड्यांत घाईने होते आणि बहुधा चाचणीच्या वेळेवर कात्री चालते.

एखादी सोय किती मोलाची, हे ग्राहक सांगतो. ती करायला किती श्रम पडतील, हे प्रोग्रामर. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीत नियोजन याच वाटणीवर उभे आहे. यांखेरीज कायद्याची मुदत, तांत्रिक धोका आणि गरजांचे परस्परावलंबन पाहावे लागते. वीजबिल भरण्याच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांकाची पडताळणी कोणी आवर्जून मागत नाही. पण तिच्याविना पैसे भलत्याच खात्यात जमा होतील, म्हणून ती भरण्याच्या सोयीआधी येते.

सर्वांत रुळलेली पद्धत ‘मॉस्को’. ती ओरॅकलमध्ये काम करणाऱ्या डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडली आणि ब्रिटनमध्ये आकाराला आलेल्या डीएसडीएम या कार्यपद्धतीतून तिचा प्रसार झाला. रशियाच्या राजधानीशी तिचा संबंध नाही. चार वर्गांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून हे नाव जुळले. हे वर्ग असे : हवीच, असायला हवी, असली तर बरी आणि या वेळी नको. व्यवहारात जो तो आपली मागणी पहिल्या वर्गात घुसवतो. त्यावर कसोटी अशी, की ही गरज पुरी झाली नाही तर सॉफ्टवेअर वापरात आणणेच रद्द करावे लागेल काय? हाताने का होईना, काम भागत असेल तर ती ‘हवीच’ नव्हे. ‘हवीच’ गरजांवर एकूण श्रमांच्या ६० टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नयेत, असे डीएसडीएम सुचवते. अंदाज चुकले की उरलेल्या गरजा गाळून मुदत पाळता येते. चौथा वर्ग सर्वांत दुर्लक्षित, पण वाद मिटवण्यास सर्वांत उपयोगी. काय करायचे नाही हे त्यात लेखी राहते.

टॉमस साटी यांच्या विश्लेषणात्मक श्रेणी प्रक्रियेत प्रत्येक दोन गरजांची तुलना करून भारांक काढतात. योआकिम कार्लसन व केव्हिन रायन यांनी १९९७ मध्ये तिच्या आधारे मूल्य आणि खर्च एकाच आलेखावर मांडण्याची रीत सुचवली. २० गरजांसाठी १९० तुलना लागतात, १०० गरजांसाठी ४,९५०. त्यामुळे मोठी यादी या पद्धतीला पेलत नाही.

नोरिआकी कानो यांचे १९८४ चे प्रारूप मूळचे उत्पादनांच्या गुणवत्तेविषयीचे, पण ते गरजांनाही लावतात. त्यानुसार काही गुण गृहीत धरलेले असतात : असले तर कौतुक नाही, नसले तर तक्रार. काही जितके अधिक तितके समाधान वाढवतात, तर काही अनपेक्षित आनंद देतात. कालांतराने हे तिसरे गुणही गृहीत धरले जातात.

स्क्रम या कार्यपद्धतीत वर्गांऐवजी एकच क्रमवार यादी असते आणि तिची जबाबदारी प्रॉडक्ट ओनर या एकाच व्यक्तीवर असते. नवी माहिती हाती आली की यादी पुन्हा लावली जाते. सुरक्षितता, वेग यांसारख्या गुणांना अशा यादीत सहसा वाली नसतो. म्हणून अनेक संघ त्यांना रांगेत न लावता प्रत्येक काम पूर्ण मानण्याच्या अटींत घालतात.