सात वर्षांची 'वैमानिक' आणि मोठ्यांचे वेळापत्रक

१/ ११ एप्रिल १९९६. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शायएन विमानतळावरून सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनी, भर पावसात, एका छोट्या सेसना विमानाने उड्डाण केले. काही क्षणांतच ते नागरी वस्तीत कोसळले. प्रशिक्षक जो रीड, लॉइड डब्रॉफ आणि लॉइड यांची सात वर्षांची कन्या जेसिका असे तिघेही मृत्युमुखी पडले.

२/ संपूर्ण अमेरिका आरपार ओलांडणारी सर्वांत लहान वैमानिक, अशी जेसिकाची ख्याती व्हावी हा या प्रवासाचा हेतू होता. कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथून अटलांटिक किनाऱ्यावरील फॅल्मथपर्यंत जाऊन आठ दिवसांत परतायचे, ही कल्पना वडिलांची. पाय पेडलपर्यंत पोहोचावेत म्हणून पेडलांना जोड लावले होते आणि बसायला उंच उशी होती.

३/ विशेष म्हणजे, 'सर्वांत लहान वैमानिक' हा विक्रमप्रकार गिनीज बुकाने अपघातांच्या भीतीने काही वर्षांपूर्वीच रद्द केला होता. अधिकृत विक्रम मिळणारच नव्हता. प्रसिद्धी मात्र भरपूर मिळत होती.

४/ येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. अमेरिकेत शिकाऊ वैमानिकाला विमान एकट्याने उडवण्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात, खाजगी परवान्यासाठी १७. म्हणजे वृत्तपत्रांची 'वैमानिक' कायद्याच्या दृष्टीने केवळ प्रवासी होती. विमानाची संपूर्ण जबाबदारी रीड यांची होती.

५/ त्या सकाळी विमानतळाकडे गडगडाटी वादळ सरकत होते. नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने वाऱ्याचा वेग एकाएकी बदलत असल्याचे कळवले होते आणि नियंत्रण मनोऱ्याने ती सूचना रीड यांना दिली होती. विमानात कमाल मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो, वजन अधिक होते. शायएन सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत पंखांना उठाव आणि इंजिनाला शक्ती कमी मिळते. तरीही उड्डाण झाले. वेग घटला, पंखांचा उठाव नाहीसा झाला आणि विमान खाली आले.

६/ राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालाने मुख्य दोष रीड यांच्या निर्णयाला दिला. त्याबरोबरच एक सहायक कारणही नोंदवले. अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा, आणि तिच्यामागे काही अंशी प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द. यंत्रांचे अवशेष तपासणाऱ्या अहवालात मुलाखतींचा असा उल्लेख यावा, हे विलक्षणच.

७/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. विक्रम, स्पर्धा किंवा साहसी पराक्रमासाठी परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती विमानाची सूत्रे देणे निषिद्ध ठरले. मुलांनी प्रशिक्षकाशेजारी बसून उड्डाण शिकण्यावर मात्र बंदी आली नाही. शिकणे आणि मिरवणे यांतील सीमारेषा या कायद्याने आखली.

८/ आजही हा प्रसंग 'चिमुकल्या वैमानिकेचा अपघात' म्हणून सांगितला जातो. अहवाल वाचल्यावर ते नाव खटकते. त्या सकाळचा एकही निर्णय जेसिकाचा नव्हता. तिचा आठवा वाढदिवस ५ मे रोजी होता.

(समाप्त)