पुढे फेकलेल्या चेंडूची कुळकथा

अमेरिकन फुटबॉल म्हटले की डोळ्यांपुढे येते ती क्वार्टरबॅकची लांबलचक, गरगरत जाणारी फेक. पण 1906 पूर्वी चेंडू हाताने पुढे फेकणे या खेळात निषिद्ध होते. ही फेक आली कुठून, याची दोन उत्तरे वर्षानुवर्षे दिली जातात. कुणी म्हणते, ती नियम करणाऱ्यांनी दिली. कुणी म्हणते, 1913 मध्ये नोत्र दामच्या संघाने ती शोधली. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. नियमाने परवानगी दिली, तंत्र दिले नाही. तंत्र घडले ते सेंट लुइस विद्यापीठाच्या संघाच्या 1906 च्या हंगामात.

परवानगीमागे मृत्यू होते. तीन डावांत पाच यार्ड पुढे सरकायचे असल्याने सगळा संघ एकमेकांना बिलगून समोरच्या फळीवर तुटून पडे. 1892 मध्ये हार्वर्डने पाचरीच्या आकाराची धावती रचना मैदानात आणली, तेव्हापासून ही रेटारेटी आणखी क्रूर झाली. ती रचना लवकरच बंद झाली, रेटारेटी मात्र थांबली नाही. 1905 च्या हंगामात किमान 18 तरुण दगावले. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. डिसेंबरअखेर न्यूयॉर्कमध्ये 62 महाविद्यालये एकत्र आली. त्यानंतरच्या नियमांत पाचाऐवजी दहा यार्डांची अट आली आणि पुढच्या फेकीला वाट मिळाली. पण वाटेवर काटे होते. कुणाचाही स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाई. त्यामुळे बहुतेक प्रशिक्षकांनी ही फेक अगदी नाइलाजाच्या वेळेसाठी राखून ठेवली.

सेंट लुइसचे प्रशिक्षक एडी कोचेम्स यांनी ती राखून ठेवली नाही. हंगामापूर्वी त्यांनी आपला संघ विस्कॉन्सिनमधल्या बूला तलावाकाठी नेला आणि तिथे फेकीचा सराव घेतला. तेव्हाचा चेंडू कलिंगडासारखा गोलसर, फुगीर. तो मुठीत मावत नसे. बोटे शिवणीच्या दोऱ्यांवर रोवायची आणि फेकताना चेंडूला त्याच्या लांब अक्षाभोवती फिरकी द्यायची, म्हणजे तो न डगमगता दूर जातो, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होते. 5 सप्टेंबर 1906 रोजी वॉकेशा इथे कॅरल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सनची पहिली फेक जमिनीवर पडली आणि नियमाप्रमाणे चेंडू गेला. तरीही संघ कचरला नाही. त्याच सामन्यात रॉबिन्सनची दुसरी फेक जॅक श्नायडरने झेलली आणि टचडाउन झाला. सामना 22–0 असा जिंकला. पुढे कॅन्ससवर 34–2, आयोवावर 39–0. हंगामाअखेर अकरापैकी अकरा विजय, स्वतःचे 407 गुण आणि प्रतिस्पर्ध्यांचे सगळे मिळून 11. पहिल्या फेकीपेक्षा मला हे सातत्य महत्त्वाचे वाटते.

यावर आक्षेप येतील. 1895 मध्येच नॉर्थ कॅरोलायनाच्या एका खेळाडूने जॉर्जियाविरुद्ध चेंडू पुढे फेकल्याचे प्रशिक्षक जॉन हाइझमन यांनी पाहिले होते. खरे आहे, पण ती अडचणीत सापडलेल्या खेळाडूची बेकायदा सुटका होती, तिच्यामागे ना सराव होता, ना योजना. हाइझमन यांचे श्रेय वेगळे आहे: फेक कायदेशीर व्हावी म्हणून ते पुढे वर्षानुवर्षे झटले. दुसरा आक्षेप नोत्र दामचा. 1 नोव्हेंबर 1913 रोजी गस डोराइस आणि क्नूट रॉक्नी या जोडीच्या बळावर त्यांनी आर्मीला 35–13 असे हरवले, डोराइसच्या 17 पैकी 14 फेकी साधल्या. खेळ देखणाच होता. पण तोवर 1912 च्या बदलांनी चौथा डाव दिला होता आणि फेकीवरची 20 यार्डांची मर्यादा काढली होती. शिवाय सामना न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांच्या अंगणात झाला. सेंट लुइस त्या अंगणापासून फार दूर होते, आणि 1949 नंतर तर त्या विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. वारसा सांगायला संघच उरला नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: फेकीने जीव वाचले का? एकट्या फेकीने नाही. 1909 मध्ये पुन्हा खेळाडू मेले, आणि 1910 मध्ये चेंडूवाल्याला मागून ढकलण्यावर बंदी घालावी लागली.

तरी कोचेम्स यांचा ठसा कुठे शोधायचा, तर तो चेंडूच्या आकारात. 1907 च्या स्पॉल्डिंगच्या फुटबॉल मार्गदर्शिकेत त्यांनी पकडीची पद्धत सविस्तर लिहिली आणि फेकीला सोयीचा, अधिक निमुळता चेंडू मागितला. पुढच्या तीन दशकांत नियमावलीने चेंडूचा घेर टप्प्याटप्प्याने कमी केला.