नकोसे व्यापारी कॉल (भारतातील कायदेशीर नियंत्रण)

ग्राहकाने मागितलेले नसताना कर्ज, विमा, भूखंड, शिकवणी वा अन्य माल खपवण्यासाठी त्याला येणारे कॉल आणि संदेश. भारतात त्यांचे नियमन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) २००७ पासून करते. खरा क्रमांक लपवून दुसराच दाखवणे, म्हणजे स्पूफिंग, हा स्वतंत्र अपराध असला तरी त्याचा विचार येथेच केला आहे.

डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) नोंदवही : २००७च्या नियमांनी ‘नॅशनल डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. नाव नोंदवल्यावर ते लागू व्हायला ४५ दिवस लागत. पुढे २०१०च्या नियमांनी बँकिंग, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य अशा ७ वर्गांतून हवे ते निवडण्याची सोय दिली, १९०९ हा तक्रार क्रमांक रूढ केला आणि टेलिमार्केटरांना १४० ही वेगळी मालिका दिली. हेतू असा, की क्रमांक पाहताच विक्रेता ओळखू यावा. तो ओळखू आला आणि लोकांनी फोन उचलणे बंद केले. मग विक्रीचा बराचसा धंदा साध्या दहा आकडी सिमकार्डांवर सरकला. नोंदणी केलेला टेलिमार्केटर नियमांत अडकला, न केलेला मोकळा राहिला. या व्यवस्थेचे मूळ दुखणे आजही हेच आहे.

न्यायालयीन निवाडा : साध्या सिमकार्डांवरून होणारा संदेशांचा मारा रोखण्यासाठी ट्रायने घातलेली दर सिमकार्डामागे दिवसाला २०० संदेशांची मर्यादा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खासगी संदेशांपुरती रद्द केली.

डीएलटी व्यवस्था : जुलै २०१८च्या नियमांनी नियंत्रणाची जागाच बदलली. संदेश पाठवणारी संस्था, तिचे हेडर (संदेशावर नंबराऐवजी दिसणारे नाव) आणि मजकुराचा साचा या तिन्हींची ब्लॉकचेन पद्धतीच्या सामाईक खातेवहीत (डिस्ट्रिब्युटेड लेजर टेक्नॉलॉजी, म्हणजे डीएलटी) आधी नोंद हवी. जुळणी न झालेला संदेश जाळ्यातच अडवायचा. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी लागू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. साचे नोंदवण्यात अनेक संस्थांनी दिरंगाई केली होती. ट्रायने दुसऱ्याच दिवशी छाननी आठवडाभरासाठी स्थगित केली. ती पुन्हा सुरू झाल्यावर मात्र हेडरवाल्या संदेशांना शिस्त लागली. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनंतर हेडरपुढे पी, एस, टी किंवा जी हे अक्षर येते आणि संदेश जाहिरातीचा, सेवेचा, व्यवहाराचा की सरकारी ते कळते. संदेशाला साचा असतो म्हणून हे जमले. बोलण्याला साचा नसतो, त्यामुळे कॉलच्या बाबतीत ही खातेवही फारशी उपयोगी पडलेली नाही.

कॉलवरील कारवाई : ट्रायच्या १३ ऑगस्ट २०२४च्या आदेशाने नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांच्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षे काळ्या यादीत टाकण्यास दूरसंचार कंपन्यांना भाग पाडले. तीन आठवड्यांत पावणेतीन लाखांवर जोडण्या तुटल्या. ऑगस्टमधील १.८९ लाख तक्रारी ऑक्टोबरमध्ये १.५१ लाखांवर आल्या. घट खरी आहे. पण तक्रारींवरून कॉलचे प्रमाण मोजणे फसवे, कारण वैतागलेला ग्राहक बहुधा तक्रार न करता फोन कापतो. २०२५च्या दुरुस्तीने १० दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी कारवाई करता येते (पूर्वी ७ दिवसांत १० लागत) आणि तक्रारींची चुकीची आकडेवारी देणाऱ्या कंपनीला २ ते १० लाख रुपये भुर्दंड बसतो. दंडाचा रोख कंपनीकडे वळला, ही या दुरुस्तीतील सर्वांत कामाची गोष्ट.

स्पूफिंग : दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार दूरसंचार ओळखचिन्हात फेरफार करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परदेशात बसलेल्या भामट्याला या कलमाची धास्ती नाही. फरक पडला तो २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या यंत्रणेने. परदेशातून भारतीय क्रमांकाचा कॉल आला, की तो ग्राहक खरोखर परदेशी रोमिंगवर आहे का, हे ती तपासते. नसल्यास कॉल प्रवेशद्वारावरच रोखते. पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले गेले. सिमबॉक्स ही तिची पळवाट : अनेक सिमकार्डे बसवलेल्या या यंत्रातून इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल स्थानिक म्हणून बाहेर पडतो. तो पकडायचा तर पोलिसांना ते यंत्र ठेवलेल्या खोलीपर्यंत जावे लागते.

मीरा रोड प्रकरण : ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून ७००हून अधिक कर्मचाऱ्यांची चौकशी केली. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या नागरिकांना धमकावले जाई. क्रमांकाच्या फसवणुकीविरुद्धचा (स्पूफिंगविरुद्धचा) अमेरिकी कायदा तेव्हा जवळपास सहा वर्षे जुना होता. पण सूत्रधारांपर्यंत पोचवले ते छाप्यांनी आणि पैशांच्या मागाने. त्याच महिन्यात अमेरिकेने अशा फसवणुकीबद्दल ५६ व्यक्ती आणि भारतातील ५ कॉल सेंटरांवर आरोप ठेवले, आणि २०१८ मध्ये तेथील २१ साथीदारांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी २० वर्षांची.

तक्रार : नकोसा कॉल वा संदेश आल्यापासून ७ दिवसांच्या आत १९०९ वर. २०२५ पासून त्यासाठी डीएनडीत नाव असणे आवश्यक नाही. फसव्या कॉलची माहिती ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ सुविधेवर, आणि पैसे गेले असल्यास लगेच १९३० वर.