टर्बो आला, पिस्टन जुनाच

पेट्रोलमधील इथेनॉलवरून दिल्लीत वाद रंगतात, तेव्हा मला १९६२ सालची ओल्ड्समोबाइल जेटफायर आठवते. टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. म्हणून पिस्टनचा माथा खोलगट करून संपीडन गुणोत्तर उतरवण्याची रीत आहे. त्याच वर्षीच्या टर्बो कॉर्व्हेअरने गुणोत्तर उतरवले. जेटफायरने मात्र १०.२५ : १ असे चढेच ठेवले. अशा दाबात ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण स्वतःहून पेटते. त्या आघातांनी पिस्टनच्या कड्यांमधले कंगोरे तुटतात, प्रसंगी माथाही वितळतो. उपाय म्हणून पाणी व मिथेनॉल आत फवारले जाई. बाष्प होताना ते उष्णता शोषून घेई. साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळाली! पण द्रव संपला की झडप टर्बोचा दाब रोखी, आणि मालक टाकी भरायलाच विसरत. (विसरभोळेपणाचे गुणोत्तर कुणी मोजले नव्हते.) १९६३ नंतर गाडी बंद झाली, कित्येकांनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला.

गुरुग्रामनजीकच्या मारुतीने २०१७ मध्ये आणलेल्या टर्बो बलेनो आरएसमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. थंडावा इंधनच देई. वेगळी टाकी भरण्याची आठवण ठेवावी लागत नसे.