त्रिफळा आणि त्र्यूषण : एका समासाचा इतिहास

‘त्रिफळा’ हा द्विगू समास होय, एवढे सांगून व्याकरणकार थांबतो. औषधविद्येच्या अभ्यासकाला तेथे थांबता येत नाही. हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळे, तसेच सुंठ, मिरे आणि पिंपळी ही तीन तिखट द्रव्ये, यांचे ‘त्रिफळा’ व ‘त्र्यूषण’ किंवा ‘त्रिकटू’ हे गट सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात द्रव्यांच्या ३७ गणांमध्ये स्वतंत्र गण म्हणून येतात. चरकसंहितेतील ५० महाकषायांची मांडणीही प्रत्येकी दहा द्रव्यांच्या समूहांची आहे. एकेका वनस्पतीचे गुण या ग्रंथकारांना ठाऊक होतेच. पण चिकित्सेचे एकक त्यांनी ‘योग’ हे मानले, आणि तो योग पाठांतराला सुलभ अशा संख्यावाचक नावात बांधून ठेवला.

हे नाव किती चिवट निघाले याची साक्ष युनानी वैद्यकात मिळते. ‘त्रिफळा’चे तेथे ‘इत्रिफल’ झाले आणि पुढे ते एका संपूर्ण औषधवर्गाचे नाव बनले. ‘इत्रिफल किश्नीजी’मध्ये तर या फळांच्या सोबतीला धने येतात. तीन हा आकडा शब्दात गोठलेलाच राहिला, घटक मात्र वाढत गेले.

गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या संवादग्रंथाची रीत निराळी आहे. त्यात द्रव्ये पोर्तुगीज वर्णानुक्रमाने येतात. त्यामुळे आले एका संवादात, तर मिरे आणि पिंपळी दुसऱ्याच संवादात. ओर्ताचे निरीक्षण सूक्ष्म आहे, स्थानिक वैद्यांविषयी त्याला कुतूहलही आहे. तरी त्र्यूषणाची गाठ त्या वर्णानुक्रमात सुटली. हा दोष त्याचा नव्हे, कोशरचनेचाच तो स्वभाव. १८१९ साली ओर्स्टेडने मिऱ्यातून पायपरीन वेगळे काढले, तेव्हा पृथक्करणाची ही वाट द्रव्याच्याही आत शिरली.

आणि याच पायपरीनने संयोगाचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला, हे मोठे मौजेचे आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्र्यूषणावर काम झाले. त्यातूनच पुढे, २००९ साली, पायपरिनाच्या साहाय्याने रिफॅम्पिसिनची मात्रा कमी केलेले क्षयावरील औषध बाजारात आले. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की, हळदीतील दोन ग्रॅम कर्क्युमिनासोबत वीस मिलिग्रॅम पायपरीन दिले असता कर्क्युमिनाची शरीरातील उपलब्धता सुमारे वीस पटींनी वाढते. रक्तात द्रव्य अधिक सापडणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, हे येथे विसरता कामा नये. हाच गुण अन्य औषधांची रक्तातील पातळीही नकळत वाढवू शकतो.

या प्रयोगांनंतर मिऱ्याला ‘योगवाही’ म्हणण्याची प्रथा पडली. प्राचीन ग्रंथांत हे विशेषण प्रामुख्याने मधाला लावलेले आढळते. पूर्वजांना सारे ठाऊकच होते, असा उत्साही निष्कर्ष काढण्यापूर्वी एवढा पाठभेद तरी ध्यानात घ्यावा.

१९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत एकस्व दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे पुढे केल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह २००१ पासून उभा राहू लागला तो या अनुभवातून. त्यातील नोंदीचे एकक पुन्हा ‘योग’ हेच आहे. श्लोकांचा आशय तेथे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत, वनस्पतिशास्त्रीय नावांसह उतरवला जातो. समासाचा विग्रह केल्यावाचून हे काम होत नाही, आणि विग्रह करणाऱ्याने प्रकरण वाचलेले असावे लागते. कारण द्राक्ष, खजूर आणि शिवणीचे फळ यांच्या गटालाही निघंटूंनी ‘मधुर त्रिफळा’ असे नाव दिलेले आहे.